‘मले’ म्हणायला लावणाऱ्या वानखडे बाई

वानखडे बाई आधी दाराचं विचारायच्या. नाव, गाव, त्रास हे सगळं नंतर. “दार कसं ठेवू? उघडं, लोटलेलं, का कडी लावू?” उत्तर येईपर्यंत त्या दारापाशीच उभ्या राहायच्या. पहिल्या दिवशी मी नुसती कडीकडे बघत राहिले. बुलडाण्यातल्या एका खासगी दवाखान्याच्या मागच्या खोलीत त्या आठवड्यातून दोन दिवस समुपदेशनासाठी बसत. बाहेर व्हरांड्यात इंजेक्शनला आणलेली पोरं भोकाड पसरून रडत होती. बऱ्याच वेळानं बाई म्हणाल्या, “राहू दे मंग उघडंच. पोरं रडून राह्यली, आपलं कोनाले आयकू येत नाई.”

मला दाराचं कुणी कधी विचारलं नव्हतं. बाबा सरळ कडी लावायचे.

बाबा मलकापूरला मराठीचे शिक्षक होते आणि चळवळीतले कार्यकर्ते. आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे असत. मी अक्षरं त्यांवरच शिकले. सात वर्षांची असताना, पाहुण्यांसमोर मी एक ओळ खड्या आवाजात वाचून दाखवली होती: ‘स्त्री ही कुणाची मालमत्ता नाही.’ टाळ्या पडल्या. त्या आनंदात मी म्हणाले, “मले लाडू द्या.” पाहुणे हसले. ते गेल्यावर कडी लागली. मराठीच्या शिक्षकाच्या मुलीनं चारचौघांत ‘मले’ म्हणायचं नव्हतं. फूटपट्टी आडवी नाही, उभ्या कडेनं, बोटांच्या सांध्यांवर. ‘मले’ला एक, ‘का’ऐवजी ‘काऊन’ म्हटलं तर एक. गल्लीतल्या बायांसारखं ‘मी जातो’ म्हटलं तर दोन. “तू मुलगा आहेस? ‘जाते’ म्हण!” पट्टी मोडली तेव्हा कमरेचा पट्टा आला. याला घराघरांत वळण लावणं म्हणतात. मी याला मार म्हणते. पण हे म्हणायला माझं सव्विसावं वर्ष उजाडावं लागलं.

त्या वर्षी मी छापखान्यात प्रुफं तपासायची आणि उरलेल्या वेळात स्वतःची पत्रकं लिहायची. एक दिवस मालकांनी दुपारी ऊन येतं म्हणून शटर खाली ओढलं. त्यानंतरचं मला आठवत नाही. मी टेबलाखाली सापडले म्हणे, हातांची बोटं काखेत दाबून. छापखान्यात बांधणीचं काम करणाऱ्या ताईनं माझा हात धरून मला वानखडे बाईंकडे नेलं.

बाई सोनाळ्याच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, टेबलाच्या खणात फुटाण्यांची पुडी. मला बघितलं की म्हणायच्या, “या पुढारीनबाई. आज कोनावर मोर्चा हाय?” आणि मी खरंच मोर्चा काढायचे. कुटुंबसंस्था, पुरुषसत्ता, शिक्षणव्यवस्थेतली हिंसा. अर्धा अर्धा तास, एकही शब्द न चुकता. बाई फुटाणे चावत ऐकायच्या. मग म्हणायच्या, “पत्रक झकास झालं. छापून टाक. पन याच्यात तू कुठी हायेस?”

मला त्यांचा राग यायचा. परतताना मी ठरवायचे, पुन्हा यायचं नाही. पण शटरचा आवाज अजून छातीत असायचा, म्हणून यायचे.

त्या चुकायच्याही. तिसऱ्या महिन्यात त्यांनी मला सुचवलं, “एक खेप मायले इच्यारून पाय, तिले काय आठवते.” मी आईला फोन केला. आई म्हणाली, “तुह्या भल्यासाठीच मारलं ना? शिकली नाई का तू?” पुढचे कितीतरी दिवस मला जेवण गेलं नाही. बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी फुटाण्यांची पुडी बाजूला ठेवली. “मी घाई केली. मायं चुकलं.” मी खुर्चीत आक्रसले. वयानं मोठं माणूस ‘चुकलं’ म्हणतं म्हणजे आता पुढे काहीतरी येणार, असंच माझं अंग समजत होतं. काहीच आलं नाही. बाईंनी पाण्याचा गिलास माझ्याकडे सरकवला, एवढंच.

मग एकदा त्यांनी अचानक विचारलं, “मार खातानी कोन्या भाषेत रडत होती तू?”

मला प्रश्न कळला नाही.

“तू माह्याशी पुस्तकातल्यावानी बोलतं. ‘मला भीती वाटायची.’ भेव लागलं ते या पोरीले नाई लागलं. मले-तुले म्हननारीले लागलं. ते पोरगी अजून आतच हाय. तिले बोलू दे ना.”

मी तोंड उघडलं. एक अक्षर. फक्त ‘म’ बाहेर आला, आणि माझी बोटं आपोआप मुठीत वळली. त्या दिवशी एवढंच जमलं. दार उघडं होतं, व्हरांड्यात कोणी नव्हतं, तरी मी तीनदा मागे वळून पाहिलं. बाई म्हणाल्या, “भेव म्हंजे घरचं कुत्रं. हाकललं तर जास्त भुकते. नावानं बोलाव त्याले.”

दोन महिने लागले त्या एका ‘मले’ला.

आणि मग माझ्या भावाचा फोन आला. दादा दुसरबीडला नोकरीला. त्याची मुलगी ओवी सहा वर्षांची. दादा म्हणाला, “येत्या रविवारी ओवीला मलकापूरला नेऊन ठेवतोय. शाळा चांगली आहे, आणि बाबा घरीच शिकवतील. तिची भाषा फार बिघडलीये गं.”

मी बाईंकडे धावले. पत्रक केलं नाही. “मी बोलले नाही तर तिचे हात,” एवढंच म्हणाले आणि थांबले. बाईंनी समजूत काढली नाही. कामाला लागल्यासारखं विचारलं, “मलकापूरले जाऊन बसशीन कुठी? दारापाशीच बसजो. चप्पल पायातच ठेवजो. आवाज गेला तर निघून येजो, ते बी चालते. पन लेकराचं पयले सांगजो.”

राजूर घाटात एसटी वळणं घेत होती आणि प्रत्येक वळणाला मला वाटत होतं, उतरावं. मलकापूरचं घर तसंच. दादा ओवीला घेऊन आधीच आला होता. आई चहा ठेवायला आत गेली. बाबा आता थकलेत, केस पांढरे. टेबलावर पट्टी. नवी, प्लास्टिकची. मी दारातल्या स्टुलावर बसले, चप्पल न काढता. बाबांनी ती चप्पल पाहिली. ती नजर माझ्या ओळखीची होती.

ओवी पळत आली. “आजोबा, मले पानी द्या.”

“मला,” बाबा हसून म्हणाले. “मला पाणी द्या.” आणि त्यांनी पट्टी नुसती सरळ केली, टेबलाच्या कडेला जुळवून.

मी ओवीला अंगणात पाठवलं. स्वतःचा आवाज मला लांबून, कुणा लहान पोरीचा यावा तसा ऐकू आला. “मले मारलं तुमी, बाबा. दार लावून. मी सात वर्साची होतो. दादा, ओवीले इथं ठेवू नको.”

बाबा माझ्याकडे बघत म्हणाले, “आधी नीट बोल.”

एवढंच. ‘खोटं आहे’ नाही, ‘असं झालं नव्हतं’ही नाही. माझी बोटं मुठीत वळली आणि नजर कडीकडे गेली. दार उघडं होतं. मी ते पायानं अडवून धरलं होतं.

तेवढ्यात दादा बोलला. तो पुण्यात शिकलेला, वर्षानुवर्षं शुद्ध बोलणारा. स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत हळूच म्हणाला, “मले बी.”

मग तो उठला आणि ओवीची बॅग घेऊन आला.

बाबांनी त्यानंतर माझ्याशी बोलणं टाकलं. आई कधीतरी फोन करते आणि घर मोडल्याचं सांगते. मोडलं तर मोडलं. जे घर सहा वर्षांच्या पोरीच्या सांध्यांवर उभं राहणार होतं, त्याची दया मला येत नाही. भीती मात्र गेलेली नाही. शटर पडलं की आजही दचकते. फक्त टेबलाखाली जात नाही.

शेवटच्या भेटीला बाईंनी विचारलं, “दार?” मी म्हणाले, “लोटा.” त्यांनी लोटलं. आम्ही फुटाणे खाल्ले. त्या अकोल्याला मुलीकडे राहायला चालल्या होत्या. निघताना मी सवयीनं म्हणाले, “बरं बाई, येते.” आपल्याकडे ‘जाते’ म्हणत नाहीत, अशुभ मानतात.

बाईंनी मान हलवली. “अं हं. इथून जानाऱ्यानं ‘येते’ नाई म्हनाचं. मले तुले परत आनाचं नाई, पुढारी.”

मी उठले. लोटलेलं दार माझ्या हातानं उघडलं आणि उंबऱ्यावरून मागे वळून म्हणाले,

“जातो, बाई.”