लाल तिकिटावरचा लाल क्रॉस

शालोमकाका गेल्याचं कळलं तेव्हा मी शाळेत होते. नववीला शिकवून बाहेर आले, तर फोनवर रिबेकाकाकूंचे तीन कॉल. परत लावला. "गेले गं सकाळी... चहा घेतला, पेपर मागितला आणि गेले." त्याला आता सहा आठवडे होतील. पनवेलमधली बेने इस्रायली, म्हणजे इथल्या मराठी ज्यूंची, घरं बरीचशी परदेशी गेली. काका-काकू इथेच राहिले. काका ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालेले, पण लोक त्यांना ओळखायचे ते जुन्या तिकिटांचे जाणकार म्हणून. त्यातही युद्धकाळात मदतनिधीसाठी निघालेल्या पोस्टाच्या तिकिटांवर त्यांचा विशेष जीव.

आमची ओळख झाली ती एका पाकिटामुळे. आम्ही मूळचे जासईचे. माझे आजोबा पहिल्या महायुद्धात बोटीवर खलाशी होते. फ्रान्सच्या एका बंदरातून त्यांनी सोबत्याकडून लिहून घेऊन घरी पत्र धाडलं. त्यात एक ओळ होती, की जखमी शिपायांच्या औषधपाण्यासाठी तिकिटाचे जास्तीचे पैसे दिले. त्या ओळीनं आजोबांना जन्मभर छळलं. स्वतःच्या अंगावर धड सदरा नाही आणि हा म्हणे गोऱ्यांना मदत करतो! फुशारकी मारतो म्हणून गाव हसायचं, 'दानशूर' म्हणून हाका मारायचं. आजोबा गेल्यावर ती हाक माझ्या वडिलांच्या, धर्माजींच्या, वाट्याला आली. ऐंशी उलटल्यावर त्यांना एकच ध्यास लागला... ते तिकीट खरं की खोटं? म्हणून मी त्यांना काकांकडे घेऊन गेले.

काकांनी पाकीट चिमट्यानं उचललं. "तिकीट कधी कापून काढू नका हं. पाकिटासकट असलं तरच ते काही सांगतं." मग तिकिटावरचा बेरजेच्या चिन्हासारखा क्रॉस दाखवला. अलीकडचा आकडा टपालाचा, पलीकडचा मदतीचा. युद्ध पेटल्यावर घाईघाईनं नेहमीच्या लाल तिकिटावरच लाल क्रॉस आणि वाढीव आकडा छापला गेला, आणि मागाहून साध्या तिकिटांवर खोटे क्रॉस मारणारेही निघाले. ओळखायचं शाईवरून. खऱ्या तिकिटावर क्रॉस आधीचा आणि पोस्टाचा शिक्का नंतरचा, म्हणजे काळी शाई वर हवी. बराच वेळ भिंगातून पाहून काका हळूच म्हणाले, "मला क्रॉस शिक्क्याच्या वर दिसतोय, धर्माजी. पत्र पोचल्यावर कुणीतरी मारलेला आहे."

कुणीतरी म्हणजे आजोबाच, हे बोलायची गरजच नव्हती. वडील उठले. घरी येऊन त्यांनी पाकीट कपाटाच्या तळाशी टाकलं आणि पारावर जाऊन बसणं सोडलं.

चार वर्षांनी, मेच्या सुट्टीत मी जासईला असताना, कंटेनरच्या ट्रेलरांमधून वाट काढत एक रिक्षा दारात थांबली. आतून काका उतरले. एकटेच. "पाकीट आहे का अजून?" बसायच्या आधी हाच प्रश्न. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. "पट्टी निघाली, लाल रंग बघितला आणि घाबरलोच... इतकी वर्षं मी सगळं मळकट पिवळं बघत होतो. त्या काळात ज्यांना ज्यांना तिकिटांबद्दल मत दिलं, त्यांच्याकडे परत जातोय."

अंगणातल्या उन्हात पाकीट धरून त्यांनी पाहिलं, मग भिंग माझ्या हातात दिलं. शिक्क्याची काळी रेघ लाल क्रॉसवरून सलग गेली होती, कुठेही तुटली नव्हती.

वडिलांनी विचारलं, "मंग माझा बाप खोटा बोलला नवता?"

"नाही, धर्माजी. चुकलो मी. माफ करा मला."

किंमत मीच विचारली. "बाजारात फार काही येणार नाही, अशी पुष्कळ छापली होती," काका म्हणाले. "पण खलाशानं धाडलेलं, जासईचा पत्ता असलेलं पाकीट मी दुसरं पाहिलेलं नाही." वडिलांच्या चेहऱ्याकडे बघवेना, म्हणून मी चहा टाकायला आत पळाले. परत आले तोवर दोघं शेजारी बसून बोटींच्या गप्पा मारत होते. त्याच संध्याकाळी वडील पाकीट घेऊन पारावर गेले. पुढच्या वर्षी ते वारले. माझ्या घरातल्या माणसाचं नाव धुऊन काढायला ऐन उन्हात आलेल्या त्या माणसाचे आभार मी तेव्हा नीट मानलेच नाहीत. मात्र त्यानंतर एखाद्या पोराचा पेपर मी चुकीचा तपासला, तर वर्गात सगळ्यांसमोर तसं सांगते.

परवा काकूंकडे गेले. त्यांनी काकांची जाडजूड वही समोर ठेवली. डाव्या पानावर प्रत्येक तिकिटाबद्दलचं मत, आणि उजवं पान कोरं सोडलेलं. "पुन्हा बघितल्यावर लिहायला लागतं म्हणायचे," काकू म्हणाल्या. मी आमचं पान शोधलं. डावीकडे 'क्रॉस नंतरचा', त्यावर एक आडवी रेघ. उजवीकडे त्यांच्या ड्राफ्ट्समनच्या रेखीव अक्षरात दोन ओळी :

'तिकीट अस्सल. चूक माझी.

जासईला जाऊन सांगितले. धर्माजी हसले.'