चपलांच्या रांगेतला पाय

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. मग आज तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. स्वतःचाच वैताग आलाय, असं समजा.

एका विणकराच्या पायाची गोष्ट आहे — म्हणजे खऱ्या नाही, आम्ही करून दिलेल्या. पण थांबा, आधी आमचं हापीस सांगते. नाहीतर म्हणाल, बाई मधूनच कुठनं सुरू झाली.

पंचाहत्तरच्या आसपासची गोष्ट. विद्यापीठानं सोलापुरात जैवअभियांत्रिकी संशोधन केंद्र काढलं होतं. नाव एवढं लांब की पाटीवर दोन ओळींत बसवलेलं, आणि खोल्या तीन. तिथं कृत्रिम हातपाय बनवायचं काम चालायचं, म्हणून लोक सरळ 'पायाचं हापीस' म्हणायचे. मी तिथं टायपिस्ट. माहेर कुर्डुवाडीचं, वडील रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर. ते म्हणायचे, नट स्वतः आवळल्याशिवाय आवळला म्हणून सांगू नये. लहानपणापासून ऐकून पाठ झालं होतं. त्याचा उपयोग काय झाला ते कळेलच.

टायपिंगबरोबर माझ्या गळ्यात आणखी एक लोढणं होतं — केंद्राचं वार्तापत्र. दर तीन महिन्यांनी चार पानं. 'वार्ता आणि यश'. वार्ता मिळायच्या हो, पण यश कुठनं आणायचं? संचालक साहेब दारातनं डोकावून विचारायचे, "बाई, या अंकात यश काय?" जसं काही मी ते पर्समध्ये घेऊन फिरतेय. भट्टी आली, यश. भट्टी दुरुस्त झाली, तेही यश. एकदा विद्यापीठाचे पाहुणे चहा पिऊन गेले, त्याचंसुद्धा मी यश केलं. वैताग यायचा. पण खरं सांगू? हात बसला होता माझा. वाचणारे म्हणायचे, बाई लिहितात छान. ते मला आवडायचं.

मग नरसप्पा आला.

साखर पेठेतला विणकर, चाळिशीचा. ट्रकखाली उजवा पाय गुडघ्याखाली गेलेला. घरात खड्ड्यातला हातमाग — म्हणजे विणणारा काठावर बसतो, पाय खाली खड्ड्यात, आणि पायानं पावड्या दाबतो. एक दाबली की दुसरी सोडायची. एका पायानं ते कसं व्हायचं? बायको राजव्वा विड्या वळायची ते सोडून मागावर बसली होती. तिला कमी जमायचं आणि ह्याला बघवायचं नाही. त्याला दुसरं काही नको होतं. मागावर बसायचं होतं.

पाय केला आमच्या हिरेमठसाहेबांनी. अक्कलकोटचा माणूस, तरुण, कमी बोलणारा, कन्नडमध्ये पुटपुटत काम करणारा. पाय सुरेख झाला. खाली काळा बूट, तो कायमचा बसवलेला, कारण आत पाऊल असं नव्हतंच, नुसता ठोकळा. बाहेरदेशीच्या पुस्तकात तसंच होतं. नरसप्पा व्हरांड्यात चालला, जिना चढला, उतरला. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मागावर बसवून बघायचं कुणाच्याही डोक्यात आलं नाही. सगळे शिकलेले, सगळे शहाणे — आणि सगळेच घरी गेल्यावर चपला दाराशी काढणारे.

मी त्याच संध्याकाळी स्टेन्सिल, म्हणजे प्रती काढायचा मेणकागद, कापून ठेवली. माझी पद्धतच ती. आधी बातमी टाइप करायची, मग जाऊन प्रतींवर चिकटवायला फोटो आणायचा. मथळा होता — 'केंद्राच्या पायावर विणकर पुन्हा मागावर'. स्टेन्सिलवर चूक झाली की लाल औषध लावून दुरुस्त करत बसावं लागतं, त्याची मला भयंकर कटकट वाटायची. हे सांगतेय ते कारण म्हणून नाही. तेव्हा डोक्यात काय होतं, एवढंच.

पंधरा दिवसांनी फोटोग्राफरला घेऊन मी साखर पेठेत गेले. हिरेमठसाहेब यायचे होते, पण त्यांना कामासाठी पुण्याला पाठवलेलं. दुपारची वेळ, ऊन मी म्हणत होतं, आणि फोटोग्राफरचं सारखं चाललेलं, मला चारला लग्न आहे, आटपा.

दारात चपला काढायला वाकले आणि पाहिलं. उंबऱ्याबाहेर चपलांची रांग, आणि त्या रांगेत आमचा पाय उभा. बूट, पट्टे, सगळं नीट पुसलेलं. आत राजव्वा मागावर. नरसप्पा भिंतीला टेकून सुताच्या नळ्या भरत बसलेला.

मी विचारलं, पाय बाहेर का?

तो ओशाळला. "अक्का, बूट हाय की त्याला. घरात कसं आणायचं? आणि मागात बूट घालून उतरायचं म्हणजे — माग देव हाय आमचा." मग म्हणाला, "आणि बुटात पावडी कळत न्हाय. साहेबांना सांगा की, बिनबुटाचं पाऊल द्या. तेवढं झालं की बसतो मी."

किती साधं होतं! तो पायाला नावं ठेवत नव्हता. काय पाहिजे ते त्यानं मोजक्या शब्दांत सांगितलं. आमच्या तीन खोल्यांत वर्षभरात कुणाला न सुचलेली गोष्ट. वार्तापत्रात छापायची खरी वार्ता तर तीच होती. आणि मला काय झालं? मला राग आला. त्याचा. एवढा पाय करून दिला, एवढं लिहून ठेवलं, आणि ह्याचं आपलं तिसरंच.

मी म्हटलं, "ते सांगते मी. आत्ता फोटोपुरता घाला आणि उतरा."

त्यानं राजव्वाकडे बघितलं. ती उठली, बाजूला झाली. त्यानं बाहेर जाऊन पाय चढवला, लंगडत आत आला, मागाला हात लावून नमस्कार केला आणि बूट घालून खड्ड्यात उतरला. फोटोग्राफर म्हणाला, हसा. तो हसला. आम्ही निघालो तेव्हा राजव्वा खड्ड्यात पाणी ओतून पावड्या धूत होती. आमच्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर? तरी ते वाईटच होतं. पण मी ज्यासाठी लिहायला बसले ते हे नव्हे. बघा ना, अजून आडवळणं घेतेय.

दोन दिवसांनी हिरेमठसाहेब पुण्याहून आले. खांद्याची पिशवीही उतरवली नव्हती, सरळ माझ्या टेबलापाशी. म्हणाले, "बाई, मागावर चालतो का हो पाय? खरं सांगा. मला वाटेत सारखं वाटत होतं, बुटाचं चुकलंय आपलं." आणि पिशवीतनं कागद काढला. पेन्सिलीनं काढलेलं पाऊल. उघडं, बोटं असलेलं, घोट्यात वाकणारं, रबराचं. गाडीत बसून काढलेलं असणार, रेघा हललेल्या होत्या. "चालत नसेल तर हे करून बघतो. सहा महिने जातील, पण करतो."

कागद माझ्यासमोर होता. स्टेन्सिल मशीनवर चढलेली होती. पहिल्या शंभर प्रती निघून त्यांची शाई वाळत होती. संचालक साहेबांनी त्या शुक्रवारी येणाऱ्या पाहुण्यांसाठी मागितल्या होत्या. आणि माणूस तर नुसतं 'खरं सांगा' म्हणत होता.

मी म्हटलं, "चालतो की. फोटो बघा ना."

त्यांनी फोटो बघितला. बराच वेळ. मग हसले, कागदाची घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. पुढची तीन वर्षं त्यांनी कृत्रिम हाताच्या कामात घालवली, कारण पायाचं काम झालं होतं. माझ्या शब्दावर झालं होतं.

नरसप्पा त्यानंतर तीनदा आला. दर वेळी बाकावर बसायचा आणि हळूच विचारायचा, "सांगितलं का अक्का?" मी म्हणायची, "सांगितलंय. बघतायत." तिन्ही वेळा हिरेमठसाहेब शेजारच्या खोलीत होते. मध्ये एक पडदा. पण नरसप्पाला वाटायचं, मोठ्या माणसांच्या कामात आपण कशाला शिरायचं. अक्कानं सांगितलंय ना. चौथ्यांदा तो आला नाही. पुढं एका गिरणीच्या फाटकावर दिसला, खाकी कपड्यांत. उभं राहायचं काम, तिथं बूट चालतो. मला बघून त्यानं सलाम केला. मी रिक्षावाल्याला म्हटलं, चला लवकर.

मागावर तो परत कधीच बसला नाही. दोन-तीन वर्षांनी राजव्वाचे गुडघे गेले आणि त्यांनी माग उपटून विकला, हे मला साखर पेठेतल्या आमच्या शाईवाल्याकडनं कळलं.

मी निवृत्त झाले तेव्हा केंद्र मोठं झालं होतं, पाटी एका ओळीत मावेल अशी इमारत. निरोप समारंभात हिरेमठसाहेब बोलले. केस पिकलेले, आवाज तसाच हळू. म्हणाले, "पायाच्या कामात मला एक शंका होती. बाई स्वतः जाऊन बघून आल्या, म्हणून ती मिटली. असा विश्वासाचा माणूस लागतो." टाळ्या पडल्या. त्यांनी मला तोच फोटो चौकटीत घालून दिला. मी उठून आभार मानले, पेढा खाल्ला, घरी आले.

तेव्हा तरी सांगायचं. नरसप्पाला उपयोग नव्हता, पण पावलाचा तो कागद हिरेमठसाहेबांचा होता. नाही सांगितलं. परवा हिरेमठसाहेब गेल्याचं वाचलं.

फोटो कपाटात आहे. त्यात नरसप्पा हसतोय, बूट चकाकतोय, आणि कडेला राजव्वाच्या लुगड्याचा काठ आलाय. फोटोआधी तो पाय दाराबाहेर चपलांच्या रांगेत होता. हापिसातल्यांपैकी तो मी एकटीनं पाहिला होता. आणि मला विचारलं तेव्हा मी चालतो म्हटलं.