ओल लागली की पहिल्यापासून

गच्चीवाल्याने आयुष्यभर दोनच गोष्टींची बढाई मारली. एक, त्याने भेगा बुजवलेली गच्ची पुन्हा गळली नाही; आणि दुसरी, लेक दातांची डॉक्टर झाली. ही दुसरी बढाई इतक्यांदा मारली, की त्याला बघताच माणसं "आमचे दात ठणठणीत आहेत हो!" म्हणत रस्ता बदलायची.

लेकीने दवाखाना थाटला आणि पहिलीच पेशंट आली ती दवंडीकाकूंची नात. काकूंच्या कानात सकाळी पडलेलं दुपारपर्यंत चार गल्ल्यांत पोचतं, म्हणून हे नाव. नातीला नवी दाढ नुकतीच आली होती. ती किडायच्या आत तिच्या खाचा सीलंटने बुजवायच्या होत्या. काम बिघडलं, तर दवाखान्याची पाटी उतरवलेलीच बरी!

"बाबा, बसायचं तर बसा. पण तोंडातून एक शब्द काढायचा नाही," लेकीने दटावलं.

"मला दातांतलं काय कळतंय?" म्हणत त्याने दाराशी बूड टेकलं.

पाच मिनिटांत स्वारी खुर्चीसकट पेशंटच्या उशाशी. लेकीने दाढ ब्रशने घासली, सीलंट नीट धरावं म्हणून वर जेल लावलं, धुतलं, हवेने वाळवलं. दाढ खडूसारखी पांढरी झाली. अरेच्चा! आधी घासा, मग खडखडीत वाळवा, मग भेगांत माल सोडा. हे तर गच्चीचंच काम, फक्त गच्ची हरभऱ्याएवढी!

तेवढ्यात पोरीची जीभ वळवळली आणि दाढेवरून सुळकन फिरून गेली.

ओल! गच्चीवाला खुर्चीतून अर्धा उठला. एकदा वाळवलेल्या गच्चीवर पावसाचे चार थेंब पडले, तर मालक "चालतंय हो" म्हणत असताना या गृहस्थाने "ओल लागली, आता पुन्हा पहिल्यापासून" म्हणत अख्खी गच्ची खरवडून काढली होती. आता बोलावं तर शब्द मोडतो, न बोलावं तर काम जातं. त्याने तोंडात रुमाल कोंबला म्हणतात. बातमी काकूंची आहे, खरंखोटं त्या जाणोत.

"आटपलं का गं?" काकूंनी घाई केली.

लेकीने हात मागे घेतला. "नाही काकू. ओल लागली. आता पुन्हा पहिल्यापासून."

"अगं, थेंबभर थुंकीने काय होतंय?"

"आज काही नाही. पण उद्या सीलंट निघून येईल आणि दाढ किडेल."

शब्दसुद्धा बापाचेच! म्हाताऱ्याचे डोळे भरले, पण पुसायचा रुमाल तोंडात अडकलेला. लेकीने नवा कापूस लावला, जीभ आरशाने दाबून धरली, सगळं पुन्हा केलं. निळ्या दिव्याने माल कडक झाल्यावर टोकदार आकड्याने उचकटून पाहिलं. हलायचं नाव नाही.

बाहेर काकूंनी खडा टाकलाच. "पहिल्या फटक्यात जमलं नाही वाटतं लेकीला?"

"नाही जमलं," गच्चीवाला म्हणाला. "पण ते तिला तुमच्या आधी कळलं, काकू! गल्लीभर सांगा बरं का, एक शब्द गाळू नका."

काकूंनी सांगितलं. चौथ्या गल्लीत पोचेपर्यंत दोनदा केलेलं काम पाचदा झालं होतं. गच्चीवाल्याने आकडा दुरुस्त केला नाही.