चार लाइनचा रेडिएटर आणि सोनाआजीची हळद

आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर वाद नको. देव, भूत, करणी, भानामती... यातलं मी काहीही मानत नाही. सव्वीस वर्षं ट्रक चालवला, पण गाडीला लिंबू-मिरची कधी बांधू दिली नाही. आणि खाली जे लिहितोय तेही मानायला मी आजपर्यंत तयार नाही. पण घडलं ते घडलं. लपवायचं कशाला?

एकोणऐंशी-ऐंशी सालची गोष्ट. माझं गाव साकोली, जिल्हा भंडारा. ट्रक स्वतःचा, जुना, आणि ड्रायव्हरही मीच. साकोलीच्या राइस मिलमधून तांदूळ भरायचा आणि हायवेने लाखनीवरून, कारध्याचा पूल ओलांडून भंडाऱ्याला पोचवायचा. उन्हाळ्यात ही गाडी इतकी उकळायची की बॉनेटवर चहा झाला असता. लाखनीच्या अलीकडे रस्त्याला लागून एक बोडी आहे — बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. तिच्या काठावर विहीर, आणि विहिरीजवळ सोनाआजीची झोपडी. तापलेल्या गाड्या सगळ्या तिथेच थांबायच्या.

सोनाआजीची पद्धत ठरलेली होती. ड्रायव्हरने गोणपाटाने धरून रेडिएटरचं झाकण उघडायचं, ती आपल्या डब्यातली चिमूटभर हळद आधी आत टाकणार आणि मग बादलीने पाणी. हळदीने बारीक गळती बुजते, हे आमच्या रोडवरच्या प्रत्येक ड्रायव्हरला माहीत होतं. यात देवधर्म काही नाही. पोत्यातून सांडलेले मूठभर तांदूळ तिच्या पदरात टाकायचे आणि निघायचं.

रोज रोज थांबून मी वैतागलो होतो. शेवटी भंडाऱ्याच्या उस्तादकडे गेलो. रेडिएटर दुरुस्त करण्यातच केस पांढरे झालेला माणूस. त्याने तीन लाइनचा जुना कोर, म्हणजे रेडिएटरची आतली जाळी, काढून चार लाइनचा तांब्याचा बसवला, म्हणजे पाणी खेळायला नळ्यांची एक रांग जास्त. पंखाही मोठा टाकला. आणि सगळी हवा कोरमधूनच ओढली जावी म्हणून पंख्याभोवती पत्र्याचं कडं बसवलं. ते डोकं माझं होतं, आणि त्याचा मला भारी अभिमान होता. उस्तादने बजावलं, "आता हळद बिलकुल टाकायची नाही. नळ्या बारीक आहेत, चोक होऊन जातील."

पहिल्याच ट्रिपला गाडी थंडगार! तरी मी बोडीवर थांबलो... खरं सांगायचं तर मिरवायला. सोनाआजी डबा घेऊन आली.

"आजी, हळद नको आता. पानीबी नको. चार लाइनचा रेडिएटर टाकला."

"माया हळदीनं कोनाची गाडी बंद पडली का रे?"

"तसं नाही. पन आता लागत नाही."

तिने डब्याचं झाकण लावलं. "नाही लागत तं नको लागू दे. मी काही तुया गाडीमांगं धावत नाही येनार."

त्यानंतर मी तिथे थांबलो नाही. हॉर्न वाजवायचा आणि पुढे.

मे महिन्यात माझ्या बायकोला, मंदाला, आठवा लागला होता. एका सकाळी अचानक रक्त जायला लागलं. साकोलीच्या डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, "इथे वेळ घालवू नका, ताबडतोब भंडाऱ्याला न्या." दुसरी गाडी मिळेना. माझा ट्रक पोत्यांनी भरून उभा होता, तो रिकामा करायलाही वेळ नव्हता. घरात दुसरं कोणी नव्हतं. केबिनमध्ये गोधडी अंथरली, मंदाला निजवलं आणि निघालो. तेव्हा बारा वाजले होते.

बोडी जवळ आली आणि टेंपरेचरचा काटा लालमध्ये गेला. बॉनेटमधून वाफ! उतरून बघतो तर माझ्याच कड्याचा बोल्ट सैल होऊन पत्रा कोरला घासला होता. करंगळीचं टोक जाईल एवढं भोक. पाणी सगळं रस्त्यावर.

धावत झोपडीकडे गेलो, तर कुलूप. विहिरीवर दोर नाही, बादली नाही. बोडी तर कोरडी ठणठणीत, भेगा पडलेली. रस्त्यावर एक गाडी दिसेना. माझ्याकडे होती ती समोर टांगलेली पाण्याची छागल, जेमतेम पाच लिटरची. रेडिएटरला लागायचं वीस लिटर. ती ओतली, आणि ते पाणी माझ्या डोळ्यांदेखत भोकातून बाहेर येऊन डांबरावर पसरलं.

"चला ना जी," मंदा म्हणाली. "मले नाही सहन होऊन राहिलं."

तेव्हा माझं डोकं फिरलं. कोणावर, माहीत नाही. "इंजिन जाम होते तं होऊ दे!" मी त्या रिकाम्या रस्त्यावर ओरडलो. "ज्याले जे करायचं ते करा, मी नाही थांबत!" आणि स्टार्टर मारला.

पाण्याशिवाय, लोड घेऊन, फार तर तीन किलोमीटर. हे मला पक्कं माहीत होतं. थोड्याच वेळात काटा खाली आला. मला आनंद झाला नाही. कारण पाणी पुरतं संपलं की काट्याला मोजायला काही उरत नाही, तो खोटं बोलतो. पण इंजिनचा आवाज मात्र अगदी नरम होता. लाखनी आली, नळ दिसला. थांबायला हवं होतं. पण मंदाचं कण्हणं बंद झालं होतं आणि मी घाबरलो होतो. थांबलोच नाही. कारध्याच्या पुलावर ती एकदम बोलली, "हळदीचा वास कुठून येऊन राहिला जी?" मी म्हटलं, बोलू नको, पडून राहा.

पोचलो. मुलगी झाली, एवढीशी. दोघी वाचल्या. अर्धा तास उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. मी व्हरांड्यात बसून खूप रडलो.

दुसऱ्या दिवशी उस्तादला गाडीपाशी नेलं. त्याने झाकण उघडलं. रेडिएटर काठोकाठ भरलेला. पाणी पिवळं. भोक आतून हळदीने बुजलेलं, इतकं टणक की स्क्रू-ड्रायव्हरने खरवडलं तरी निघेना.

"तुले सांगतलं होतं ना, हळद नको टाकू म्हणून?" उस्ताद भडकला.

मी कालच्या पोरीची शपथ घेतली. मग तो म्हणाला, इंजिनमध्ये वर्षानुवर्षांची जुनी हळद बसलेली असेल, ती सुटून आली. चला, मानलं. हळदीचं मानलं. पण पाणी? त्याच्याच बादलीने मोजून काढलं. वीस लिटर भरलं. उस्तादने तेच पाणी पुन्हा एकदा मोजलं.

आठ दिवसांनी झोपडी उघडी दिसली. सोनाआजी महिनाभर मोहाडीला लेकीकडे होती, आदल्या दिवशीच परतली होती. मी तिला सगळं सांगितलं, तर ती माझ्यावरच उखडली.

"मी कायले येऊ? तूच म्हनला होता, लागत नाही म्हनून. आन् हे लोकाईले सांगत नको फिरू. उद्या नारळ घेऊन येतील, मंग गाड्याईले पानी कोन काढून देईन?"

तरी बातमी फुटलीच. कोणीतरी विहिरीजवळ शेंदूर फासलेला दगड आणून ठेवला. मी आणि आजीने मिळून तो उचलला आणि बोडीत फेकला.

आज इतकी वर्षं झाली, माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. कोणा मेकॅनिकला सुचलं तर जरूर कळवा. 'श्रद्धा ठेवा' एवढंच सांगायचं असेल, तर कृपया तसदी घेऊ नका.

उस्तादने ते भोक डाग देऊन पक्कं बुजवून दिलं. तोच चार लाइनचा कोर पुढे कितीतरी वर्षं चालला, आणि त्यात मी चिमूटभरही हळद पडू दिली नाही. पण आजी होती तोवर प्रत्येक ट्रिपला बोडीवर थांबायचो. गोणपाटाने झाकण उघडायचो. रेडिएटर भरलेलाच असायचा. आजी बादली ओतायची आणि सगळं पाणी वरून रस्त्यावर सांडायचं.

"पाहा," ती म्हणायची, "लागत नाही तुया गाडीले."

"नाही लागत," मी म्हणायचो. "टाक."