तान्ह्या पोळ्याची सुट्टी

फुलचूरच्या पुढे मुलींचं एक वसतिगृह होतं, तिथे मी दुभाषी होते. माझं इंग्रजी त्या परिसरात भलतंच भाव खाऊन होतं, आणि मीही. परदेशातून पोरी यायच्या, शाळा संपून कॉलेज सुरू होण्याच्या मधल्या वर्षात अनाथांची सेवा करायला. आमच्याकडे खऱ्या अनाथ जेमतेम दोघी. बाकीच्यांचे आईबाप चोरखमाऱ्याकडे धानाच्या बांध्यांत राबत होते. पण आईबाप असलेल्या मुलींसाठी कोण समुद्र ओलांडून येणार? म्हणून पाहुणी असेपर्यंत पालकांनी फिरकायचं नाही, असा संचालकांचा नियम होता. तो पालकांच्या गळी मीच उतरवायची. मुलींकडून चार इंग्रजी वाक्यं पाठ करून घेण्याचं कामही माझंच.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी एक आई फाटकात येऊन उभी राहिली. तिच्या पिशवीत लाकडी बैल होता, शिंगांना बेगड लावलेला. त्या दिवशी आमच्याकडची पोरं असे बैल घेऊन घरोघरी बोजारा मागत फिरतात, आणि लोक खाऊ देतात. तिची आठ वर्षांची मुलगी मात्र पाहुणीचा हात धरून अंगणात उभी होती.

"काऊन आली तू? सांगितलं होतं ना!" मी दबक्या आवाजात खेकसले.

"पोरीले दोन दिस घरी न्यायले आलो जी. सन आहे."

पाहुणी अठरा वर्षांची, मनाने खरंच चांगली. तिने जवळ येऊन विचारलं, या कोण? स्वयंपाकवालीची बहीण, मुलींसाठी खेळणं आणलंय, मी ठोकून दिलं. पाहुणीचे डोळे भरून आले. तिने मुलीला विचारलं, तुझ्या घरचं कोणीच येत नाही का गं?

मुलीने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आय हॅव नोबडी," ती म्हणाली. एकही चूक नाही. मीच शिकवलेलं वाक्य ते.

आईचा चेहरा फुलला. "माही पोरगी इंग्रजी बोलून राहिली! काय म्हणली जी?"

"म्हणाली, माझी आई आली."

आईने बैल लेकीच्या हातात दिला, तिच्या गालावरून हात फिरवला आणि घरी न्यायचं पुन्हा न काढता एकटीच परत गेली. मुलगी रडली नाही. त्या दिवसापासून ती माझ्याशी फक्त इंग्रजीत बोलायची.