वळसंगला विमानाचे मालक बघायला

रविवार, संक्रांत होऊन आठवडा झालेला. ठिकाण: वळसंगजवळचं एक शेत, हुरड्याचं निमंत्रण. आमच्या बाजूने हजर: मी, माझे यजमान, माझी थोरली बहीण अक्का आणि तिचे यजमान, म्हणजे दाजी. त्यांच्या बाजूने: विमानाचे मालक, मालकांच्या पत्नी, मॅनेजर. आणखीही बरीच माणसं होती, पण मालक हसले की ती हसायची, त्यामुळे त्यांची वेगळी नोंद केली नाही.

मी पायलट आहे. तिकीट काढून बसायच्या विमानांची नव्हे, खासगी जेटची. आठ-दहा जणांचं विमान, एका मालकाचं किंवा एका कंपनीचं. ज्या घराण्याचं विमान मी इतकी वर्षं उडवलं, तिथले थोरले गेले, मुलांनी वाटण्या केल्या, आणि विमान दोघांत कापून घेता येत नाही म्हणून ते विकून टाकलं. मी सोलापुरात, शुक्रवार पेठेत, घरी आले. खाली यजमानांचा दातांचा दवाखाना, वर आम्ही. पहिले काही दिवस कपाटं आवरली. मग आवरायला काही उरलं नाही.

पायलटला घरी बसून चालत नाही. उड्डाण नसलं की हात विसरत नाही, पण कागद विसरतात. काही महिन्यांनी पुन्हा परीक्षा, पुन्हा तपासण्या, आणि पन्नाशीकडे झुकलेल्या बाईला पुन्हा रांगेत उभं करायला कुणाला फारशी हौस नसते. त्यामुळे दोन ठिकाणांहून विचारणा आली तेव्हा घरात आनंद झाला. मला मात्र एकदम दोन का आल्या, याचीच शंका आली.

दाजींनी लगेच नावं ठेवली: पहिलं स्थळ, दुसरं स्थळ.

"मेव्हणीबाई, तुमच्या लग्नात आम्ही एवढी चौकशी केली नव्हती," ते म्हणाले.

"म्हणून तर आता करतेय," मी म्हटलं. यजमान तिथेच बसले होते. ते पेपर वाचत राहिले.

पहिलं स्थळ म्हणजे हे वळसंगचे मालक. साखर, रस्ते, दोन कॉलेजं, आणि पुण्यात उभं असलेलं एक जेट. पगार चांगला, राहायला सोलापूरच, काम असेल तेव्हा पुण्याला जायचं. दुसरं स्थळ मुंबईची एक कंपनी. बरीच विमानं, भाड्याने फिरवायची. महिन्यातले अर्धे दिवस बाहेर. त्यांनी व्हिडिओवर मुलाखत घेतली, लायसन्स मागितलं, वैद्यकीय तपासणीचा कागद मागितला, आधीच्या उड्डाणांचे तास विचारले, आणि शेवटी सहज बोलावं तसं सांगितलं की मूळ प्रमाणपत्रं त्यांच्या ऑफिसात जमा करावी लागतील. मूळ कागद दुसऱ्याच्या कपाटात ठेवून नोकरी करणाऱ्या लोकांचे चेहरे मी पाहिले आहेत. माझ्या वहीत तिथे मी प्रश्नचिन्ह केलं.

पहिल्या स्थळाने यातलं काहीच मागितलं नाही. ही गोष्ट दाजींना मोठेपणाची वाटली, मला विचित्र. ज्या बाईच्या हाती स्वतःचा जीव द्यायचा, तिचं लायसन्स तरी बघाल की नाही? त्याऐवजी मॅनेजरने संक्रांतीला अक्काच्या घरी कुर्डुवाडीला तिळगुळाचा मोठा डबा पोचवला. अक्काचं घर त्यांना कसं कळलं, हे मी विचारलं. "सोलापूर जिल्ह्यात काय लपतंय, मॅडम," असं उत्तर आलं.

त्यांचे आधीचे कॅप्टन का गेले, हेही विचारलं होतं. मॅनेजर म्हणाले, ते परदेशी गेले. पुण्यात विमान जिथे उभं असतं तिथल्या ओळखीच्या एकाला विचारलं, तो म्हणाला, तब्येतीचं काहीतरी होतं. एका माणसाच्या जाण्याला दोन कारणं मिळाली की मी तिसऱ्याची वाट बघते.

माझे सगळे मुद्दे मी लिहून ठेवते. पगार, सुट्ट्या, विमानाची देखभाल कोण करतं, जोडीचा पायलट कोण, वगैरे. पण मालक बघायला जाताना खरा प्रश्न एकच न्यायचा असतो: शेवटचं उड्डाण कधी रद्द झालं, आणि कुणी केलं? धुकं, वादळ, बिघाड, थकवा, बुडालेला सूर्य. कारण काहीही असो, कधीतरी पायलटला "आज नाही" म्हणावंच लागतं. कागदावर तो अधिकार माझा आहे. पण मागे बसलेला माणूस पगार देणारा असतो, त्याला लग्नाला, सभेला, सहीला पोचायचं असतं. माझं "नाही" तिथे टिकेल का, एवढं मला नोकरी धरायच्या आधी कळलं पाहिजे. नाही टिकलं तर विमानात बसलेल्या सगळ्यांचं काय होऊ शकतं, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं.

तर, वळसंग.

ज्वारी भरात होती. आगटी पेटलेली, कणसं भाजून निघत होती, एक बाई ती हातावर चोळून कोवळा हुरडा सुपात पाडत होती. शेंगाचटणी, दही, गूळ, रेवड्या. आमच्यासाठी खुर्च्या मांडल्या होत्या, पण मालक स्वतः सतरंजीवर बसलेले.

"मॅडम, हितं या. खुर्चीवर बसून हुरडा खायचा असतोय व्हय?"

माणूस वाईट वाटला नाही. साठीचा, पांढरे कपडे, मोकळं हसू. दाजींना त्यांनी रेल्वेतल्या दिवसांबद्दल नीट विचारलं. दाजी कुर्डुवाडीला गार्ड होते, त्यांना एवढंच पाहिजे असतं.

"आम्ही जन्मभर नोकरी केली, पण मालकाचं तोंड कधी बघितलं नाही," दाजी म्हणाले. "म्हणून सुखात रिटायर झालो."

मालक खळाळून हसले. सगळे हसले.

मी प्रश्न विचारला. मालकांना तो आधी समजलाच नाही.

"रद्द? आमच्यात रद्द होत न्हाय, मॅडम. निघायचं म्हंजे निघायचं. पायलट आपले लई वाघ."

"एकदाही नाही?"

"एकदाबी न्हाय."

मॅनेजरना वाटलं, मला खात्री पटत नाही. त्यांनी मदत केली. "मागच्या लग्नसराईतलं सांगतो की. असंच लहानसं गाव, धावपट्टीला दिवे न्हाईत. दिवस मावळायच्या आत उडायला लागतंय. साहेबांना मांडवातनं निघायला उशीर झाला. कॅप्टन म्हणाले, सूर्य बुडाला, आता सकाळी. साहेब म्हणाले, बुडाला कुटं? लाल दिसतंय की अजून! अन् उडालो. काय झालं? काय न्हाय झालं."

"हेच ते कॅप्टन का, परदेशी गेलेले?"

"ते व्हय... ते नाशिकला असतात आता. त्यांच्या मिसेसला हिकडचं पाणी मानवलं न्हाय."

तिसरं कारण.

मालक स्वतः वाढायला उठले होते. माझ्या ताटात त्यांनी दोनदा वाढलं, मी दोनदा खाल्लं. हुरडा खरोखर चांगला होता. तिसऱ्यांदा आले तेव्हा मी "नको, बास" म्हटलं. ते वाकले. मी ताटावर हात आडवा धरला.

त्यांनी माझ्या हातावर वाढलं.

गरम होता. फार नाही, पण आगटीतून नुकता निघालेला. बोटांच्या फटीतून दाणे ताटात गळले आणि सगळे हसले, अक्काही हसली. आमच्याकडे हे नवीन नाही. हात आडवा धरला की हातावर वाढायचं, हे माझ्या आईनेही पाहुण्यांना केलेलं आहे. तरी मी त्या क्षणी हिशेब लावला: हाच माणूस, मावळतीची वेळ, दिवे नसलेली धावपट्टी, आणि माझा आडवा हात.

"अहो, त्या नको म्हणतायत," मालकांच्या पत्नी म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "ऐका की जरा."

मालक थांबले. लगेच थांबले, वाढायचं भांडं मागे घेतलं, थोडे ओशाळले सुद्धा. तेवढ्याने माझा हिशेब हलला. म्हणजे या घरात "नको" ऐकू येतं. कुणाकडून आलं तर ऐकू येतं, हा पुढचा मुद्दा.

हात धुवायला त्या मला विहिरीजवळच्या नळावर घेऊन गेल्या. स्वतः पाणी सोडलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्या दिवशी विमानात मी होते. डोळे मिटून बसले होते. कॅप्टन आणि हे भांडत होते, ते सगळं मागे ऐकू येत होतं. नंतर कॅप्टन आलेच नाहीत कामावर. मीच ह्यांना म्हटलं, आता एखाद्या बाई पायलट बघा. बाई जरा ऐकून घ्यायला लावतात." मग माझ्याकडे बघितलं. "तुम्ही नाही म्हणाल ना त्यांना?"

"तुमचं तर ऐकतात की ते."

"घरात ऐकतात," त्या म्हणाल्या.

माझा स्वभाव असा की त्याही वेळी मनात आलं, ह्यांना कुणी शिकवून पाठवलं असेल का? माझा होकार मिळवायला याहून नेमकं बोलणं कुणाला सुचलं नसतं. आजही मी खात्रीने सांगू शकत नाही. पण हातातल्या टॉवेलच्या त्या उगाच घड्या घालत होत्या आणि मोडत होत्या.

परतताना गाडीत भांडण झालं.

"एवढा प्रेमाचा माणूस," अक्का म्हणाली. "हातावर वाढलं म्हणून नोकरी सोडतात का कुणी? मीपण तुझ्या हातावर वाढते. मी काय वाईट?"

"तुझ्या घरचं विमान असतं तर तुझ्याकडेही नोकरी केली नसती."

"बघा, बघा, कशी बोलते!" ती दाजींना म्हणाली.

दाजी खिडकीतून बाहेर बघत होते. "पगार चांगला आहे," ते म्हणाले, "माणूस चांगला आहे, हुरडा चांगला आहे. पण गार्डाने लाल झेंडा दाखवल्यावर कुणी डब्यातून ओरडतं का, की थोडा हिरवा दिसतोय अजून म्हणून?" आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश झाले. अक्का त्यांच्याशी पेठ येईपर्यंत बोलली नाही.

यजमान गाडी चालवत होते. घरी आल्यावर त्यांनी फक्त विचारलं, "हात भाजला का?"

"नाही."

"मग विचार कर शांतपणे."

सोमवारी मी दुसऱ्या स्थळाला फोन लावला आणि तोच प्रश्न विचारला. तिथला मुख्य अधिकारी माझ्याहून लहान, भराभर बोलणारा. मला वाटलं, आता पुस्तकातलं उत्तर येणार. पण तो म्हणाला, "मागच्याच आठवड्यात, मॅडम. धुकं होतं. आमच्या कॅप्टननं नाही म्हणून सांगितलं. दोन तासांनी धुकं विरलं. गिऱ्हाईक जाम तापलं, दुसऱ्या कंपनीकडे गेलं, आता परत येणार नाही."

"मग कॅप्टनचं काय?"

"काय म्हणजे? आज दिल्लीला आहे." त्याच्या आवाजात त्या गिऱ्हाइकाबद्दलचा राग अजून ताजा होता. कॅप्टनवरही थोडा होताच. मला तो राग गोड उत्तरापेक्षा बरा वाटला; राग होता आणि तरी माणूस कामावर होता. तरीही, तो कॅप्टन खरंच दिल्लीला आहे का, याची मी आणखी दोघांकडून खात्री करून घेतली. होता. मग मूळ कागदांचा मुद्दा काढला. त्यांनी कुरकुर केली, आणि शेवटी प्रतींवर भागवायचं कबूल केलं. ते लेखी येईपर्यंत मी हो म्हटलं नाही.

आल्यावर म्हटलं. त्यानंतर वळसंगच्या मॅनेजरना फोन केला.

"मॅडम, बोला की!"

"तुमचे आभार. पण मी ही नोकरी घेत नाही."

"असं कसं, मॅडम," ते हसत म्हणाले. "पगाराचं बघू की आपण. साहेबांना तुम्ही लई आवडला."

"पगाराचं नाही. मी दुसरीकडे हो म्हटलंय."

"व्हय, व्हय. घ्या वेळ घ्या. आमची घाई न्हाय."

दुसऱ्या दिवशी परत फोन केला, तेच शब्द आणखी स्पष्ट बोलले. त्यांनी विचारलं, गणवेश निळा पाहिजे की काळा. मी लेखी नकार पाठवला. त्यावर त्यांचा हात जोडलेला निरोप आला आणि खाली, "वाट बघतोय". नाही म्हणणं म्हणजे आग्रह सुरू करायची खूण, असं त्यांना मनापासून वाटत असावं. त्यांच्या विमानात हेच शब्द मी धावपट्टीच्या टोकावरून बोलले असते, आणि उत्तरही हेच आलं असतं.

गुरुवारी दुपारी यजमानांनी जिन्यातून हाक मारली. "खाली एकजण आलेत. दात दुखत नाहीत म्हणतात. तुझं माप घ्यायचंय."

दवाखान्याच्या बाकावर, गाल धरून बसलेल्या दोन पेशंटच्या मध्ये, गळ्यात टेप घातलेला एक टेलर बसला होता. वळसंगहून पाठवलेला. गणवेशाचं कापडसुद्धा बरोबर आणलं होतं, निळं. त्याला चहा दिला, समजावलं, परत पाठवलं. तो गेला, पण कापड ठेवून गेला. मालकांनी तसंच सांगितलं होतं म्हणे.

आता उपाय एकच दिसतो. त्या माणसाला एकाच आवाजातलं "नको" ऐकू येतं, त्यामुळे माझा नकार मालकांच्या पत्नींकडून गेला पाहिजे. त्यांचा नंबर मिळवला आहे. कापड बांधून ठेवलं आहे. काय बोलायचं तेही लिहिलं आहे, पहिलं वाक्य सोडून. त्यांनी नळावर मला जे विचारलं होतं, त्याचं मी तेव्हा उत्तर दिलं नव्हतं. आता द्यायचं तर असं द्यावं लागेल की हो, मी त्यांना नाही म्हणते आहे, पण तुम्ही विमानात असाल तेव्हा पुढे बसलेली मी नसेन. शुक्रवार गेला, शनिवार गेला. तो फोन करायचा राहिला आहे.