'जतन करा' नावाचं बटण

वर्षा राठोड भर दुपारी पाण्याच्या टाकीवर बसून मोबाइलवरून गाणी चढवून राह्यली होती. उमरखेडजवळच्या त्या तांड्यात नेटवर्क तिथंच भेटते. कॉलेजनं बी.ए.च्या शेवटच्या वर्षाले सांगतलं होतं का, वर्षभराचं काम आपापल्या ऑनलाइन फाइलीत टाका, मार्क त्याच्यावरच भेटतीन. वर्षानं तांड्यातल्या म्हाताऱ्या बायांची गोरबोलीतली, म्हंजे बंजारा बोलीतली, चाळीस गाणी रेकॉर्ड केली अन् एकेका गाण्याचा अर्थ मराठीत लिहिला.

फाइलीच्या खाली दोन बटणं होती, 'जतन करा' अन् 'सादर करा'. सादर तर गॅदरिंगमधी स्टेजवर करतेत, तिले एवढंच माहीत. म्हणून तिनं दरवेळी 'जतन करा' दाबलं.

"याडी, तुही गाणी आता विद्यापीठ जतन करून ठेवते," ती मायले, सुखीबाईले, म्हणे.

सुखीबाई हासे. "माहा फाटका आवाज कायले ठेवतेत वं ते? उंदरं पळवाले?"

एप्रिलमधी मॅडमनं भर वर्गात पडद्यावर फाइल उघडली. "वर्षा, एकही काम सादर नाही. वर्षभर झोपा काढल्या का?"

पोट्टे खदखदा हासले. वर्षासारखी राबणारी पोरगी त्या वर्गात दुसरी नव्हती. ती उठून गेली ते परीक्षेलेही फिरकली नाही. आता ती उमरखेडात ब्लाउज शिवते.

विद्यापीठ त्या वर्षी अशा फाइली ठेवाच्या दोन अ‍ॅपांपैकी कोणतं बरं, हे फक्त तपासून पाहून राह्यलं होतं. त्या फाइलीचे मार्क कोणाच्याच निकालात धरले नाही, हे लय मागून समजलं.